दिवाणखान्यात दिवाण कुठून आला?

इराणचा बादशहा खुस्रो एकदा आपल्या कचेरीत अवचित डोकावला, अशी एक जुनी कथा आहे. आत कारकून मंडळी हिशेबात गढलेली. जो तो स्वतःशीच पुटपुटत आकडे जुळवतोय, दुसऱ्याकडे कुणाचं लक्ष नाही. बादशहाला वाटलं, ही माणसं वेडी झाली. 'दीवाने!' असं तो म्हणाला आणि तेव्हापासून त्या कचेरीला 'दीवान' हे नाव पडलं. चौदाव्या शतकातला थोर इतिहासकार इब्न खल्दून याने ही हकिकत आपल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. त्याने आणखी एक पर्यायही देऊन ठेवला: कारकून आकडेमोडीत सैतानासारखे तरबेज, म्हणून ते दीवान.

सरकारी कचेरीत चार हेलपाटे घातलेल्या कुणालाही दोन्ही व्युत्पत्ती पटतील. दुर्दैवाने दोन्ही खोट्या आहेत. 'दिवाणा' हा शब्द निराळ्या कुळातला. तो फारसीतल्या 'देव' या शब्दापासून निघाला आणि तिथे देव म्हणजे राक्षस. आपल्याकडचे देव प्राचीन इराण्यांनी राक्षसांच्या रांगेत बसवले होते, त्याची ही खूण. अंगात राक्षस संचारला तो दिवाणा. म्हणून हिंदी गाण्यातली 'दीवानी' आणि तालुक्याच्या न्यायालयातली 'दिवाणी' यांचं नातं लागत नाही. तीन पिढ्या बांधाचा दावा लढणारी घरं या बाबतीत वेगळं मत देतील, तो भाग सोडून देऊ.

दिवाणाचं खरं मूळ ओल्या मातीत आहे. मेसोपोटेमियातले सुमेरी लोक चिखलाच्या वड्यांवर बोरूने खुणा उमटवून धान्याचे, गुरांचे, मजुरांचे हिशेब ठेवत. अशा वडीला ते 'दुब' म्हणत आणि लेखनिक तयार करणाऱ्या शाळेला 'एदुब्बा', म्हणजे वड्यांचं घर. हा शब्द अक्कडी आणि एलामी भाषांतून फिरत जुन्या इराणी भाषेत 'दिपि' होऊन पोचला. इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास दारयवहु सम्राटाने बेहिस्तूनच्या कड्यावर आपला पराक्रम कोरून घेतला, तेव्हा त्या लेखाला त्याने 'दिपि'च म्हटलं. तिथून पुढे दिपि ठेवण्याची जागा, म्हणजे दफ्तरखाना, तो 'दीवान' झाला.

ही 'दिपि' आपल्याला अनोळखी नाही. वायव्य सरहद्दीवर, आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढीला अशोकाचे खरोष्ठीतले शिलालेख आहेत. देशात इतरत्र अशोक आपल्या लेखाला 'धंमलिपि' म्हणतो, पण शाहबाजगढीला शब्द आहे तो 'दिपि'. आपली 'लिपी' या इराणी दिपीतूनच आली, असं बहुतेक भाषाभ्यासक मानतात. म्हणजे पहिलीतलं पोर पाटीवर जी लिपी गिरवतं ती आणि कोर्टातली दिवाणी या एकाच घराण्यातल्या लेकी. आणखी एक भाऊबंद थेट स्वराज्यात भेटतो. लिहिणारा तो फारसीत 'दबीर'. मराठीत त्याचा 'डबीर' झाला. सोनोपंत डबीर हे शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या काळातले मातब्बर कारभारी. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी फारसी पदनामं बाजूला सारून संस्कृत नावं आली, त्यात डबीराचा 'सुमंत' झाला. पद बदललं, आडनाव मात्र टिकलं. डबीर आजही आहेत.

कचेरीचा हा शब्द इराणच्या बाहेर पडला तो पगारामुळे. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकलं. लूट आणि महसूल यांचा ओघ सुरू झाला आणि तो वाटायचा कसा, हा प्रश्न खलिफा उमर यांच्यापुढे उभा राहिला. ६४१ च्या सुमारास त्यांनी सैनिकांची आणि त्यांच्या कुटुंबांची नोंदवही तयार करवली. प्रेषितांशी कुणाचं नातं किती जवळचं, इस्लाम कुणी किती आधी स्वीकारला, यावर ज्याचा त्याचा तनखा ठरला. या वहीला त्यांनी जिंकलेल्यांचाच शब्द दिला, 'दीवान'. राज्य अरबांचं असलं तरी वह्या पुढची पन्नासेक वर्षं इराकात फारसीतून आणि सिरियात ग्रीकमधून लिहिल्या जात होत्या. त्या अरबीत आणण्याचं काम खलिफा अब्द अल-मलिक याच्या कारकिर्दीत, त्या शतकाच्या अखेरीस झालं. तलवारीने राज्य घेता येतं, पण वसुलीचा तपशील ठाऊक असणारा कारकून लगेच बदलता येत नाही. पुढे आपल्याकडे इंग्रजांनाही याचा अनुभव आला.

वही, मग वही ठेवणारं खातं, मग त्या खात्याची इमारत, मग त्यात बसणारा अधिकारी. अर्थ असा एकातून एक सरकत गेला. पण याहून गमतीची गोष्ट अशी की शेजारच्या प्रत्येक भाषेने या कचेरीचा तेवढाच भाग उचलला, जेवढा तिच्या माणसांना दिसला.

भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांना दिसला तो कर. जिनोआ, पिसा, व्हेनिसची गलबतं इजिप्त आणि ट्युनिसच्या बंदरांत लागली की माल आधी दीवानात न्यायचा, मोजून घ्यायचा, दस्तुरी भरायची, मग बाजार. तेव्हा त्यांच्या लेखी दीवान म्हणजे जकातघर. इटालियनमध्ये त्याचं 'दोगाना' झालं, स्पॅनिशमध्ये 'आदुआना', फ्रेंचमध्ये 'दुआन'. व्हेनिसच्या मोठ्या कालव्याच्या तोंडाशी जमिनीचं त्रिकोणी टोक पाण्यात घुसलेलं आहे. तिथे समुद्रमार्गे येणाऱ्या मालाचं जकातघर होतं, म्हणून त्या टोकाचं नाव 'पुंता देल्ला दोगाना'. त्या इमारतीत २००९ पासून आधुनिक कलेचं संग्रहालय आहे.

कलेवरून आठवलं. घनदाट जंगलं आणि त्यातले वाघ-सिंह रंगवणारा फ्रेंच चित्रकार आंरी रूसो 'ल दुआनिए', म्हणजे कस्टमवाला, या टोपणनावाने जगाला माहीत आहे. प्रत्यक्षात तो कस्टममध्ये कधीच नव्हता. पॅरिस शहरात येणाऱ्या मालावर जी नाक्यावरची पट्टी बसे, त्या 'ऑक्ट्रॉय' खात्यात तो नोकरीला होता. हाच फ्रेंच शब्द इंग्रजीतून आपल्या महापालिकांच्या कागदांवर आला आणि मराठीत आपण त्याला 'जकात' म्हटलं, जो मुळात इस्लाममधल्या दानधर्माचा अरबी शब्द. मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर उठले. तेव्हा रूसोला मराठीत हाक मारायची तर 'नाकेवाला' हीच नेमकी ठरेल.

कवींनी दीवानातली वही घेतली. एका कवीच्या साऱ्या रचना एकत्र नोंदवलेला ग्रंथ म्हणजे त्याचा दीवान. हा वापर ऐकायला काव्यमय वाटतो, पण दीवानाची रचना पाहिली की मूळचा कारकून लगेच ओळखू येतो. गझला लिहिल्याच्या क्रमाने लावत नाहीत, विषयवारही नाही. शेर ज्या अक्षरावर संपतो त्या अक्षराच्या वर्णानुक्रमाने लावतात. 'अलिफ'वर संपणाऱ्या आधी, 'बे'वर संपणाऱ्या नंतर. खतावणीच ती. शिराझच्या हाफिजचा दीवान त्याच्या पश्चात, चौदाव्या शतकाच्या अखेरीनंतर सिद्ध झाला आणि इराणी घरांत आजही डोळे मिटून तो उघडतात. जे पान निघेल त्यात आपल्या प्रश्नाचा कौल शोधतात. वर्षातल्या सर्वांत लांब रात्री, यल्दाला, तर हा कौल हवाच.

व्हिएन्नाच्या योसेफ फॉन हामर-पुर्गश्टाल याने १८१२-१३ मध्ये हा सारा ग्रंथ जर्मनमध्ये आणला. १८१४ साली तो जर्मन कवी गटेच्या हाती पडला. साठी पार केलेल्या, नेपोलियनच्या लढायांनी उबगलेल्या गटेला चारशे वर्षांपूर्वीचा हा इराणी कवी आपला जुळा भाऊ वाटला. त्यातून जन्मला १८१९ सालचा 'वेस्ट-अ‍ॅस्टलिशर दिवान', म्हणजे पश्चिमेचा आणि पूर्वेचा मिळून एक दीवान. वायमार गावात दोघांच्या स्मरणार्थ समोरासमोर दोन दगडी खुर्च्या मांडलेल्या आहेत. त्याच वायमारमध्ये १९९९ साली संगीतकार डॅनिएल बारेनबॉइम आणि विचारवंत एडवर्ड सईद यांनी इस्रायली आणि अरब तरुण वादकांना एकत्र बसवून एक वाद्यवृंद उभा केला. त्याचं नाव त्यांनी या पुस्तकावरूनच ठेवलं.

स्पॅनिश कवी लोर्काच्या शेवटच्या काळातल्या कवितांचा संग्रहही 'दिवान देल तामारित'. म्हणजे स्पॅनिशने हा शब्द दोनदा घेतला, एकदा बंदरावर आणि एकदा कवितेत, आणि दोन्हींचं नातं बोलणाऱ्याला जाणवतही नाही. आपल्याकडे 'दीवान-ए-गालिब' १८४१ साली दिल्लीत छापून निघाला. मराठी गझलेने मात्र रदीफ, काफिया, मतला सारं घेतलं, पण संग्रहाला दिवाण म्हणण्याची चाल काही इथे पडली नाही. त्याचं कारण उघड आहे. मराठी कानाला दिवाण म्हटलं की कारभारी दिसतो.

तो कारभारी मोगलांचा. मोगल सुभ्यात दोन बडे अधिकारी असत. सुभेदाराकडे फौज आणि बंदोबस्त, दिवाणाकडे महसूल आणि खजिना. दिवाण सुभेदाराचा ताबेदार नसे; त्याची नेमणूक आणि जाब थेट दरबारातून. तलवारवाल्याच्या हाती तिजोरी नको आणि तिजोरीवाल्याच्या हाती तलवार नको, हा त्यातला हिशेब. शहाजहानच्या काळात औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना मुर्शिद कुली खान दख्खनचा दिवाण होता आणि इथल्या जमिनींची मोजणी व सारा-आकारणी त्याने नव्याने बांधली. मराठी राज्यातही हा शब्द मुरला. मोठ्या सरदाराच्या कारभारात मुजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस, पोतनीस अशा दरकदारांत दिवाणाचं स्थान असे. जुन्या मराठी कागदपत्रांत तर 'दिवाण' म्हणजे एखादी व्यक्तीही नव्हे, खुद्द सरकार. दिवाणात भरणा करायचा, दिवाणात फिर्याद न्यायची.

१२ ऑगस्ट १७६५ रोजी अलाहाबादेत बादशहा शाहआलमने ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी दिली. कंपनीच्या वतीने क्लाइव्हने बदल्यात वर्षाला २६ लाख रुपये कबूल केले. कंपनी राजा झाली नाही, कागदोपत्री ती बादशहाची दिवाण झाली. जमाखर्चातलं एक पद हाती आलं आणि त्याच्या आडून मुलूख आला. महसूल गोळा करणाऱ्याकडे मालमत्तेचे तंटे ऐकण्याचा अधिकार ओघानेच येई. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने जिल्ह्याजिल्ह्यांत दोन न्यायालयं बसवली: जमीनजुमला, देणंघेणं, वारसा यांची दिवाणी अदालत आणि मारामारी, चोरी, खून यांची फौजदारी अदालत. मोगल सुभ्यातली ती जुनी वाटणीच न्यायाच्या आवारात आली. मुंबईतली सदर दिवाणी अदालत १८६२ साली उच्च न्यायालयात विलीन झाली, पण शब्दाने जागा सोडली नाही. १९०८ चा कायदा मराठीत 'दिवाणी प्रक्रिया संहिता' आहे आणि तालुक्याच्या न्यायाधीशाच्या दारावरची पाटी 'दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर' अशी असते. बादशहा गेला, कंपनी गेली, राणीचं राज्य गेलं, तरी शेताच्या बांधाचं भांडण अजून दिवाणीतच चालतं.

संस्थानांत दिवाणाला फार मोठे दिवस आले. राजा इंग्रजांच्या मर्जीने गादीवर, आणि कारभार दिवाणाच्या हाती. गांधीजींचे वडील करमचंद पोरबंदरचे आणि राजकोटचे दिवाण. दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये बडोद्याचे दिवाण होते, पण मल्हारराव गायकवाडांच्या दरबारात त्यांचं फार काळ जमलं नाही. मग आले सर टी. माधवराव. हे तंजावरच्या मराठी घराण्यातले, जन्म कुंभकोणमचा. वडील आणि चुलते दोघेही त्रावणकोरचे दिवाण. माधवरावांनी आधी त्रावणकोर, मग इंदूर आणि १८७५ पासून बडोदा असं तीन संस्थानांचं दिवाणपद सांभाळलं. कवळाण्याहून दत्तक आलेल्या लहानग्या सयाजीरावांच्या वतीने त्यांनीच राज्याची घडी बसवली.

प्रत्येक दिवाणाच्या वाट्याला अशी कीर्ती आली नाही. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे छत्रपती चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ करतात, अशा आरोपाचा मजकूर आणि पत्रं 'केसरी' आणि 'मराठा'ने छापली. पत्रं बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १८८२ साली टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. तिथल्या मुक्कामावर आगरकरांनी लिहिलेलं 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' प्रसिद्धच आहे. दिवाणांनी भरलेला हा खटला अर्थातच फौजदारी होता.

आणि मग शब्दाची उतरंड सुरू झाली. दिवाणाला 'जी' लागला की तो इनामदाराच्या वाड्यावर किंवा पेढीवर वह्या लिहिणारा नोकर होतो. मराठी तमाशापटांतला दिवाणजी आठवावा: काळी टोपी, खांद्यावर उपरणं, बगलेत चोपडी, मालकाच्या प्रत्येक वाक्याला 'व्हय सरकार'. उत्तर प्रदेशात पोलीस ठाण्यातल्या हेड कॉन्स्टेबलला लोक 'दीवानजी' म्हणतात, कारण ठाण्याची डायरी त्याच्या हाती. पगाराने तो लहान असेल. पण तक्रार त्याच्या वहीत चढेपर्यंत ती घडलेलीच नसते. खलिफा उमर यांच्या वहीची सत्ता याहून वेगळी नव्हती.

राहिली खोली आणि तिच्यातलं फर्निचर. दिवाण जिथे बसे ती बैठक, आणि बादशहा जिथे लोकांना भेटे तेही दिवाण. दिल्ली, आग्रा, फत्तेपूर सिक्री इथे दिवाण-ए-आम सर्वांसाठी आणि दिवाण-ए-खास निवडकांसाठी. दिल्लीच्या दिवाण-ए-खासचं रुप्याचं छत सदाशिवरावभाऊंनी १७६० साली काढून वितळवलं. पानिपताच्या वाटेवरच्या फौजेचा पगार थकला होता. महालांतली ही दालनं मराठी वाड्यांत आली ती 'दिवाणखाना' होऊन. नक्षीदार खांब, हंड्या-झुंबरं, पांढरीशुभ्र बैठक, लोड-तक्के. त्या दिवाणखान्यात टेकायला लोड होते, पण 'दिवाण' नावाचं लाकूडसामान नव्हतं.

ते आलं निराळ्याच वाटेने. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात वजिरांची मसलत भरे, तिलाही दिवानच म्हणत. भिंतीला लागून लांबच लांब गादीची बैठक, तिच्यावर वजीर बसलेले, आणि वर जाळीच्या खिडकीआड सुलतान ऐकतोय की नाही हे कुणालाच माहीत नाही. तुर्की घरांतही भिंतीलगत अशीच बैठक असे. युरोपीय पाहुण्यांना मसलतीतलं राजकारण किती कळलं कोण जाणे, गादी मात्र फार आवडली. पाठ आणि हात नसलेलं ते मऊ आसन अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपच्या घरांत 'दिवान' नावाने शिरलं. बहुधा इंग्रजीच्याच हाताने ते भारतात आलं आणि इथल्या सुताराने त्याला खाली पेटी बसवून दिली. दोन खोल्यांच्या घरात दिवसा पाहुण्यांना बसायला, रात्री आजोबांना झोपायला, आणि आत जादा गाद्या, गोधड्या, एरवी न लागणारी पातेली. दरम्यान दिवाणखान्याचा 'हॉल' झाला होता. तेव्हा मोगलांच्या वाटेने आलेली खोली नाव सोडून गेली आणि इस्तंबूलच्या वाटेने आलेला दिवाण तिच्या भिंतीला लागून बसला.

इतरत्र हा शब्द अजून मोठ्या पदावर आहे. मलेशियाच्या संसदेचं कनिष्ठ सभागृह 'देवान राक्यात', म्हणजे रयतेचा दिवाण. यातला राक्यात आपल्या 'रयत'चा सख्खा भाऊ. इंडोनेशियाची लोकप्रतिनिधींची सभाही देवानच. शिखांचा धार्मिक मेळावा म्हणजे दीवान, तो नांदेडच्या गुरुद्वारातही सजतो. अमृतसरची 'चीफ खालसा दीवान' ही संस्था १९०२ पासूनची. कतारमध्ये अमीरांच्या कार्यालयाला अमिरी दिवान म्हणतात, तर कुवेतमध्ये घरोघरी 'दिवानिया' असते. पुरुषमंडळींनी संध्याकाळी जमायची, चहा-कॉफी घ्यायची, व्यापारापासून निवडणुकीपर्यंत सारं बोलायचं ती बैठक. २०२४ मध्ये संसद बरखास्त होईपर्यंत उमेदवाराला मतं मागायची तर एका दिवानियातून दुसऱ्या दिवानियात फिरावंच लागे.

आणि एक दिवान अगदी वेगळा. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात १९७७ पासून 'दिवान' नावाच्या शाळा आहेत, तिथे मुलांना ब्रेटन भाषेतून शिकवतात. ब्रेटनमध्ये दिवान म्हणजे अंकुर, कोंब फुटणं. फारसीशी, वहीशी, गादीशी त्याचा काडीचा संबंध नाही, नुसता उच्चार जुळला. पण त्याच ब्रिटनीच्या बंदरात बोटीतून उतरलं की समोर 'दुआन'ची पाटी येते, तिचं मूळ मात्र थेट त्या मातीच्या वडीत आहे.